दोन विड्यांचं अंतर

साखर दोनशे चाळीस निघाली, तेव्हापासून
पहाटे साडेपाचला मी पंचगंगेच्या काठानं पळतो.
म्हणजे घरातून निघताना पळतो;
पंपहाऊस मागं पडलं की
त्याला दुसरं काहीतरी नाव द्यावं लागतं.

इथं आता लाल-करड्या फरश्या बसवल्यात,
दर शंभर मीटरला पांढरा आकडा,
कुणाकुणाच्या स्मरणार्थ सिमेंटचे बाक,
ज्यांवर जिवंत माणसं चपला काढून प्राणायाम करतात.
दंडाला बांधलेल्या फोनमधली बाई
माझा वेग मोठ्यानं सांगते. तिला लाज नाही.

या फरश्यांखाली माझ्या बापाची वाट आहे.

आकाराम आंबी. नावेवरचा माणूस.
लोकांना वाटायचं, नाव म्हणजे वल्हं, गार वारा, ऐट.
पण नदी कुणाला सरळ पलीकडं जाऊ देते?
ती खाली ओढते.
म्हणून आधी रिकामी नाव
काठाकाठानं वर न्यायची, दोर खांद्यावर टाकून,
पार करंजीच्या झाडापर्यंत.
तिथनं सोडली की वाहत वाहत
ती नेमकी समोरच्या पायऱ्यांना लागते.
दिवसातून वीस खेपा.
बाजारच्या दिवशी मोजायचं नाही, असा आईचा नियम होता.

मीटर त्याला ठाऊक नव्हते.
घाटापासून करंजीपर्यंत दोन विड्या.
पावसाळ्यात तेवढ्याच वाटेला तीन,
कारण पाणी फुगलेलं, आणि विडी सारखी विझायची.

पूल झाला त्या दिवशी
तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि परत आला.
"काय बघिटलं?" आईनं विचारलं.
"काय न्हाई. वरनं लई बारीक दिसती."
नाव पुढं एका गुऱ्हाळवाल्यानं नेली, चुलवाणात घातली.
त्या वर्षी आमच्या घरात गूळ आला नाही.

आता तो ऐंशी पार.
मी बुटाच्या नाड्या बांधतो, तो कट्ट्यावरून बघतो.
"कोण लागलंय मागं?"
"कोण न्हाई."
"मग सावकाश जा की."
उजव्या खांद्यावर त्याच्या अजून एक पन्हळ आहे.
तेल लावताना बोट आपोआप तीत उतरतं.

आज चारशेच्या आकड्यापाशी एक पोरगी थांबलेली,
भावाचा शर्ट, चप्प बसवलेले केस, अनवाणी.
"काका, वेळ धरता काय? भरती हाय पोलिसाची.
आठशे मीटर. दोन पन्नासच्या आत पायजे."
सुगंधा पोवार, शियेची. पूल ओलांडून आलेली.

गेली. फरश्यांवर तिचे पाय वाजलेसुद्धा नाहीत.
जिथं करंजी होती तिथं आता व्यायामाचं पिवळं यंत्र आहे;
त्याला हात लावून वळली,
आणि येताना तोंड उघडं, मान मागं,
डावा खांदा जरा पुढं काढलेला,
जणू मागं काहीतरी बांधलंय.

"किती?"
माझ्या जिभेवर दोन अठ्ठेचाळीस आलं होतं, खोटं सांगत नाही.
"तीन मिनिटं, चार सेकंद."
ती बाकावर बसली. थुंकली. पायाचा खडा काढला.
"चौदा सेकंद," ती म्हणाली, "चौदा म्हंजे केवढं ओ?"
मला सांगता आलं नाही.
फोनमधल्या बाईलाही नाही.

घरी येऊन बापाला विचारलं.
विडी सोडून अकरा वर्षं झाली,
काडेपेटी मात्र अजून बंडीच्या खिशात.
त्यानं एक काडी ओढली,
आडवी धरली,
जाळ बोटाला लागेपर्यंत दोघं बघत बसलो.
"एवढंच?" त्यानं फुंकली.
"अनवाणी पळती म्हणतोस?"
"व्हय."
"मग निघंल की."

आणि काडेपेटी माझ्या हातात दिली, तिच्यासाठी.
आत सात काड्या होत्या. एक जळकी.