टाच

मी गेलो होतो रक्ताचा आकडा घेऊन,
शरणपूर रोडवरच्या दवाखान्यात.
डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला सारला,
म्हणाल्या, चप्पल काढा.
आणि पेरू दाबून बघावा
तशी माझी टाच दाबू लागल्या.

दुखते?
नाही.
ही मागची शीर इतकी जाड कधीपासून?
म्हटलं, आमच्या घरात अशीच असते.
तांबट आळीत जन्मभर उकिडवं बसून ठोके घालायचे,
पायाला घट्टा पडणारच.

वडील?
गेले.
कितव्या वर्षी?
बेचाळिसाव्या.

त्या लिहीत राहिल्या
आणि मला दादा दिसले:
फुंकर मारली तर उडतील असे,
एकभुक्त, तळणाला न शिवणारे.
घंगाळाचा काठ वळवता वळवता
हातोडी मांडीवर ठेवून
जरा टेकतो म्हणाले.
आळी म्हणाली, भट्टीच्या धगीनं गेले.
आई म्हणायची, मनातलं बोलायचे नाहीत, म्हणून.
त्यांच्या पापण्यांच्या कोपऱ्यात पिवळे डाग होते.
कमळाआत्या सांगायची, हळदीचं बोट आहे ते,
भाग्यवंतालाच उठतं.

रक्तातली चरबी, बाई समजावत होत्या,
सगळीच ताटातून येत नाही.
यकृत ती घडवतं, यकृतच परत ओढून घेतं.
तुमच्याकडे ओढणारे हात जन्मतःच कमी.
उरते ती साचते,
धमनीत, पापणीवर, टाचेत.

नुसत्या ठोक्याच्या आवाजावरून
पत्रा कुठे पातळ झालाय ते मी सांगतो.
हे भांडं सेहेचाळीस वर्षं
वाजवून पाहिलं नव्हतं.

नयनानं तेलाचा डबा माळ्यावर टाकला.
मिसळ आली तर तर्रीवाचून,
सकाळी गंगेच्या काठानं चालणं, घाम येईपर्यंत.
आकडा उतरला,
घासाघीस केल्यावर भाजीवाली उतरते तेवढा.
खरा उतरला तो रात्रीची गोळी सुरू झाल्यावर.

मग बाई म्हणाल्या, मुलीचंही रक्त तपासा.
तिचं कशाला, नयना भांडली.
कृत्तिका पंधराची, काटकुळी,
खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी.
एलडीएल दोनशे सत्तर.

त्या रात्री नयना बराच वेळ ओट्याशी उभी होती.
मग स्टूल घेऊन डबा खाली काढला,
पुसला, अर्धी पळी तेल मोजून फोडणी केली.
म्हणाली, कढईला उगाच बोल लावला मी.

कृत्तिका आपली टाच चाचपत बसली होती.
बाबा, आजोबांना कुणी
चप्पल काढा म्हटलंच नाही ना?

साडेदहाला मी सिन्नरला फोन लावला.
श्रीपाद एकोणचाळीसचा.
तांब्याच्या भावावर बोललो,
त्याच्या नव्या शटरवर बोललो.
मग म्हटलं, उद्या सकाळी काही खाऊ नकोस.
चहासुद्धा नको.
का रे?
आधी चप्पल काढ, म्हटलं.