विचारण्याआधीचे सेकंद

नारळी पौर्णिमा परवा झाली. होड्या बाहेर पडल्या,
आणि नांदगावच्या पुढे कुणीतरी रस्ता खणताना
केबल तोडली.
देवगडात सकाळपासून नेट नाही.

बर्फाच्या कारखान्याला लागून सोसायटीची खोली,
खोलीत दोन जुनी मशिनं घुमतायत.
त्यांच्यावर आमचा लिलाव चालतो:
कुणाची सुरमई, कुणाचा बांगडा,
किती क्रेट, कुणाकडे उधारी.
आज कंटेनर उभा राहतो, पडतो,
उभा राहतो, पडतो. एकवीस वेळा. बावीस.
चिटणीस कुबलकाका दारातून:
"हेमांगी, व्हयत मां गो? साडेचारला होड्यो येतले."

सवयीने शोधायला गेले.
पांढरं पान, त्यावर फिरणारं गोल.
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुलीवरची उत्तरं
आयती उचलून आणली मी,
आज चुलीच नाहीत.

मग हत्यारालाच विचारलं.
डॅश, डॅश, हेल्प.

क्रियापदं आली. नुसती क्रियापदं, रांगेत, आज्ञार्थी:
मिळव. वर्णन कर. समजावून सांग. पुसून टाक.
आणि शेवटच्या ओळीत, जास्त माहिती हवी तर
पुन्हा मलाच विचार.
पाच वर्षं हे माझ्या बोटांखाली होतं.
तुला काय काय येतं रे,
असं मी एकदाही म्हटलं नव्हतं.

याच्या चिन्हात होडीचं चाक आहे, सात आऱ्यांचं.
बाबांना दाखवलं तेव्हा ते पोट धरून हसले,
"ह्या खंयच्या होडयेक असता?"
त्यांच्या हातात आयुष्यभर सुकाणूचा नुसता दांडा.
आणि पॉड म्हणजे शेंग, सांगितल्यावर आई म्हणाली,
"चवळीची?"

वर्णन कर, म्हटलं. त्याने केलं, लांबलचक,
अगदी तळाशी खरी गोष्ट:
हाक मारली, ओ आली नाही,
म्हणून मारला. पुन्हा जन्माला घातला.
हाक मारली, ओ आली नाही.

समजावून सांग, म्हटलं.
पॉड, टिंब, स्पेक, टिंब, कंटेनर्स, टिंब.
ओहोटीला कालवं काढायला खडकावर उतरतात तशी
एकेका टिंबावर पाय ठेवत खाली गेले.
तिथे एक ओळ होती. कुणाची सही नाही,
सल्ला नाही, मला मूर्ख म्हणणारं कुणी नाही:
कंटेनर सुरू झाल्यावर
किती सेकंदांनी विचारायला लागायचं,
जिवंत आहेस ना.

मी पाच लिहिले होते.
गेल्या शिमग्यात, घाईत, वही बारीक होती तेव्हा.
आता अख्ख्या हंगामाची उधारी
छातीशी घेऊन उठायचं असतं त्याला,
सत्तर सेकंद लागतात,
आणि मी पाचव्याला दार ठोकत होते,
तीनदा ठोकून गळा धरत होते.

आठवीत होते. बाबा पहाटे गेले
आणि मी सातलाच आईचा पदर धरला,
पोचले असतील का, फोन लाव ना.
ती कोयत्याने सोडे चिरत होती. मान वर न करता म्हणाली,
"होडी भायर पडल्यार लगेच इचारूचा नसता गो.
दोन भरत्यो जावंदेत. मगे बघ बंदराकडे."
मला ती दगडाची वाटली होती.
दुसऱ्या भरतीला ती माझ्याआधी बंदरावर होती,
हे मी कसं विसरले?

पाच खोडले. नव्वद लिहिले.
लावलं.

शेजारी बर्फ फुटायचा आवाज.
पडद्यावर तेविसावा, सुरू होतोय.
दहा. वीस. कुणीतरी भोंगा वाजवला धक्क्यावर.
चाळीसला कुबलकाका आत आले,
"झाला?"
मी न बघता हात वर केला.
थांबा.
अजून विचारायचं नाही.