दोन गंधारांच्या मधे

दौलतगंजात त्र्यंबक मुळ्ये,
मोरारच्या क्लबात टिमी.
सायकल तीच. पुलावर
टोपी खिशात, टाय गळ्यात.

गिटार एका बदली झालेल्या कॅप्टनची,
साठ रुपये आणि वर हातातलं घड्याळ.
वडील ख्यालिये. म्हणाले,
"ठोकलेल्या पडद्यांत मींड कुठून आणशील?"
तो बोलला नाही. तार आडवी ओढली,
कोमल गंधाराच्या वर,
शुद्ध गंधाराच्या अलीकडे,
आणि तिथेच थांबला,
जिन्यात दिवे गेल्यावर माणूस थांबतो तसा.
वडिलांनी पान थुंकलं.
उठले मात्र नाहीत.

रेकॉर्ड एकही निघाली नाही.
क्लब मिटला. मग विमा कचेरी, सत्तावीस वर्षं.
संध्याकाळी आम्ही चार पोरं,
महिना पंधरा रुपये, तेही थकायचे.
"समेवर सगळेच येतात," म्हणायचा,
"जरा मागे राहून बघ, कोण वाट पाहतं."

परवा नई सडकेवर वरात.
क्लॅरिनेटवाला, विशीतला,
भर धुनेत
त्याच फटीत अडकला क्षणभर.
घोडासुद्धा थबकला.
गर्दीतून शिरून विचारलं,
कुणाकडे शिकलास रे?
त्यानं जे नाव घेतलं
ते मी कधी ऐकलेलं नव्हतं.