अडतीस मतं

मतदानाचे कप्पे जिममध्ये मीच लावले होते,
बास्केटबॉलच्या रेघांवर घडीची टेबलं,
टेबलांना पुठ्ठ्याचे आडोसे.
भिंतीवर चौथीच्या पोरांनी रंगवलेली चित्रं होती.
निवडणूकवाल्या बाई म्हणाल्या, झाका ती,
प्रचार होतो त्यांनी.
म्हणून सूर्यांवर, कुत्र्यांवर, काडीच्या हातापायांवर
मी तपकिरी कागद चिकटवला.

मग रांगेत उभा राहिलो.
शाळांसाठी वाढीव घरपट्टी: हो की नाही.
'नाही'पुढचा गोल काळा केला,
रेघेबाहेर जाऊ न देता.

का, ते सांगतो.
वर्षाला दोनशे दहा डॉलर वाढणार होते.
लोरेनच्या गुडघ्याचं बिल फ्रिजवर चुंबकाखाली,
छप्पर उत्तरेकडून ठिबकतंय.
काचेचा कारखाना गेला आणि त्याचा करही गेला,
तो आता आमच्या उंबऱ्यावर येऊन बसतो.
आमची दोघं पोरं शिकून कधीच
ओहायोच्या बाहेर पडलीत.
शिवाय सव्वीस वर्षं बघतोय मी,
पैसा आला की आधी ऑफिसातला गालिचा बदलतो.
एवढी कारणं. खोटं एकही नाही.

ठराव अडतीस मतांनी पडला. तिसऱ्यांदा.

ऑगस्टमध्ये हार्लन रोडची शाळा बंद झाली,
तिथल्या खुर्च्या ट्रकमधून माझ्याकडे आल्या.
चौदा नंबरची खोली चोवीस मुलांची,
हे मला कुणी सांगायला नको, तिथली फरशी मी पुसतो.
चोवीस खुर्च्या मांडल्या तर मधून झाडू फिरतो.
अठ्ठाविसाव्या खुर्चीला अडखळतो.
तेहतिसावी ठेवली आणि दार पुरतं उघडेना.

मिस ओक्स म्हणाल्या, माझं टेबल काढा, ड्वेन,
तशीही मी उभ्यानंच शिकवते.
टेबल बाहेर नेताना ड्रॉवर निसटला.
पेन्सिलींच्या, वह्यांच्या, टिश्यूच्या पावत्या,
सगळ्या त्यांच्याच नावावर,
रबरबँडात जाड गठ्ठा.
तो मी मोजला नाही.
मला खुर्च्या मोजायला सांगितलं होतं.

छत्तीस बसल्या.
सदतिसावी जॅनेल, हार्लन रोडकडची,
खिडकीखालच्या रेडिएटरवर बसते, वही मांडीवर.
ऑक्टोबर आहे तोवर ठीक.
पुढे वाफ सोडावी लागेल,
त्या व्हॉल्व्हची किल्ली माझ्या कमरेला.

काल जिममध्ये तिनं विचारलं,
मिस्टर ड्वेन, या कागदाखाली काय आहे?
चित्रं, म्हणालो.
मग झाकलीत कशाला?
मला वाटलं होतं, याचं उत्तर येतं मला.

तिनंच नखानं कोपरा उचकटला.
टेपबरोबर रंगाचा पोपडा निघाला,
अर्धा सूर्य कागदाला चिकटून आला.

आता पाळी संपली की रोज थोडा थोडा काढतोय,
कोमट पाण्याचं फडकं लावून, धीरानं.
या वेळेचे पैसे मी लावत नाही.
गोल कुठला भरला होता, तेही कुणाला सांगितलं नाही,
लोरेनलासुद्धा.

मेमध्ये ठराव पुन्हा येणार म्हणतात.
कप्पे मीच लावीन.
छप्पर अजून ठिबकतंय.