फॉल्ट

एकतीस वर्षं कळव्यात खांबांवर चढलो.
लोक ओरडायचे, दिवा गेला, दिवा गेला.
मी दिव्याकडे बघायचोसुद्धा नाही.
फॉल्ट मागे असतो,
कुठेतरी चौथ्या खांबावर.

आणि आता अडीच महिने
मीच डाव्या पोटरीला तेल चोळत बसलोय.
आधी निर्गुंडीचं,
मग मेव्हण्यानं आणलेलं कसलंसं, उग्र.
शिंक आली की अंगठ्यापर्यंत ठिणगी.

गावंडांची ऋजुता, खारेगावात तिचं क्लिनिक,
दोन कॉट, मधे पडदा.
पोटरीला हात न लावता
कमरेवर बोट टेकवून म्हणाली,
"काका, इथे. गादी सरकलीय, नस दबलीय."
मी हसलो. ओशाळून.

पालथं झोपायचं, कोपरांवर छाती उचलायची, दहादा.
अंथरूण धरायचं नाही.
"आणि दुखणं पायातून वर सरकलं,
कमरेत गोळा झालं, तर घाबरू नका.
ते घरी परततंय."

रविवारी पोटरी सुटली.
आज ते मांडीत आहे,
उतरायचं स्टेशन विसरलेल्या पाहुण्यासारखं.
इंदू विचारते, कुठवर आलं?
मी बोटानं दाखवतो.

संध्याकाळी चालायचं, थोडंच, दोन खांब.
आज पाच झाले.
पाचव्याचा दिवा बंद होता.
सवयीनं मागे वळलो,
नुसती कंबर पिळून नाही,
तिनं शिकवलं तसं, पावलांसकट आख्खा,
आणि चौथ्याकडे पाहिलं.