शाई

पाटणीपुऱ्यात, रंगाऱ्याच्या दुकानावर,
अकरा पायऱ्या चढून आमचा पक्ष होता.
पत्रकं हिंदीत निघायची, भांडणं मराठीत व्हायची,
आणि साच्यावरून थेट आलेला रामसजीवन
दोन्हींतलं कळेल तेवढं ऐकत
सायक्लोस्टाइलचा दांडा फिरवायचा.

एका साली मिलच्या फाटकावर
तिन्ही पाळ्या आमच्यासाठी थांबल्या.
टोकेकर स्टुलावर उभे राहून बोलले, स्टूल मी धरलं होतं.
नगरपालिकेत आमचा माणूस गेला.
एकच. पण गेला.
त्या रात्री आम्ही चहावाल्याची सगळी उधारी फेडली.

मग ठरावात एक शब्द आला: 'तूर्तास'.
ठेवायचा की काढायचा,
यावर रात्रीचे दोन वाजले
आणि पक्षही दोन झाले.
यंत्र त्यांनी नेलं.
शाईचे डबे माझ्या खाटेखाली राहिले.
पाच महिने कोणालाच काही छापता आलं नाही,
आणि त्याच पाच महिन्यांत
मिलचा भोंगा वाजायचा थांबला.

पुढे त्यांचे दोन झाले, आमचे तीन.
तिसऱ्यात मी होतो,
आणि रबरी शिक्का.

परवा रामसजीवन दारात उभा.
यंत्र इतकी वर्षं त्याच्याच घरी होतं म्हणे,
वर सून गव्हाचा डबा ठेवते.
'स्याही बची है क्या, भाऊ?'

डबा ओढून काढला. वर जाड कातडी धरलेली.
खिळ्यानं टोचलं.
खाली अजून ओली होती.

काय छापायचं, ते त्यानं सांगितलं नाही.
मीही विचारायच्या आधी
झाकण लावून टाकलं.