तिसरा तणावा

सातपूरला उभा आहे तो चार पायांचा,
ऐसपैस, कुणाचं देणं न लागणारा.
कॉलेज रोडचा एकखांबी,
गुळगुळीत, केबली पोटात गिळून.
गच्च्यांवरचे नुसते काठीएवढे,
पाण्याच्या टाकीला चिकटून दिवस काढतात.

हा त्यांतला नाही.
साठ मीटर उंच, कंबर माझ्या कवेत मावेल एवढी,
आणि तळाशी मुठीएवढी खुंटी. सगळा भार तिच्यावर.
ढकलला तर पडेल, म्हणून तीन बाजूंनी तणावे.
लोखंड कमी लागतं. जमीन जास्त.

जमिनीपाशीच अडलं.

दिंडोरीच्या पुढे, वणीच्या वाटेवर,
मधला चौथरा निवृत्ती कडांच्या वावरात,
पहिला नांगर त्यांच्याच पडीत, दुसरा ओढ्याकाठी.
एकशेवीस अंश मोजून मी तिसरी खूण ठोकली
ती त्यांच्या भावजयीच्या बागेत,
थॉमसनच्या शेवटच्या ओळीपाशी.

अनुसयाबाई छाटणीतून उठून आल्या, कात्री हातातच.
"भाडं कुणाला?"
मनोरा ज्याच्या जमिनीत त्याला, मी म्हटलं.
त्यांनी मांडवाच्या टोकाच्या अँगलला हात लावला,
तिरक्या तारेवरून बोट खाली नेलं, थेट मातीपर्यंत.
"हिच्याखाली काय पुरलंय?"
दगड.
"तो काढला तर?"
मी मांडवाकडे पाहिलं. तीन एकर द्राक्ष.
"मग दगडाला भाडं नाही, असं कुठं असतं?"

करारनामा पुन्हा टाइप व्हायला अकरा दिवस लागले.
तोवर सनातन महातोची माणसं
टेम्पोच्या सावलीत भात शिजवत बसली.

खड्डा खणताना बाई काठावर उकिडव्या.
चार फुटांवर सनातन म्हणाला, बस.
"काळी आहे ती. पावसात फुगते, उन्हात भेगाळते.
माझा दगड दोन वर्षांत वर आला होता.
मुरूम लागेस्तोवर जा."
माझ्या फायलीतला मातीचा अहवाल
निवृत्तीरावांच्या वावरातला होता.
आम्ही गेलो खाली. सात फुटांवर पहार खणखणली.

मग तीन-तीन मीटरचे तुकडे.
उभ्या तुकड्याच्या कडेला डेरिकचा खांब बांधलेला,
दोर कप्पीतून, खाली चौघं ओढणारे.
पट्ट्याला लटकलेला सनातन
भोकाला भोक जुळवतो, बोल्ट सारतो,
मग डेरिक एक घर वर.
मग पुन्हा. स्वतःच्याच खांद्यावर चढत जावं तसं.
वारा सुटला की काम बंद,
अर्धा मनोरा तात्पुरत्या दोरांवर
रात्रभर गुणगुणतो.

पाचव्या दिवशी पोरांनी ओढ्याकडची तार आधी कसली.
दुर्बिणीतल्या उभ्या रेषेवरून टोक चार बोटं सरकलं.
सनातनने वरून हासडलेली शिवी तिन्ही नांगरांनी ऐकली.
तिन्ही एकदम! इकडे अर्धा फेरा,
तिकडे अर्धा, बागेकडे अर्धा.
पहिल्या नांगरापाशी निवृत्तीराव उभे,
तिसऱ्यापाशी अनुसयाबाई. नऊ वर्षं बोलणं नव्हतं.
"झाला का तुमचा?" ते ओरडले.
"झाला."
एवढंच.

आता सनातन कुठे कर्नाटकात, मी नाशकात टेबलापाशी.
महिन्यातून एकदा फोन लावते.
बाई विळ्याच्या मुठीने तारेवर टोला मारतात,
फोन तारेला टेकवतात,
मी ऐकते.
परवाचा आवाज जरा उतरलेला वाटला.
"ऊन वाढलंय," त्या म्हणाल्या,
"माझ्याबी तारा खाली आल्यात, घड भरलेत.
येशील तेव्हा पाना आण मोठा.
दोन्हीकडं लागंल."